अपडेट मारताना धाकधूक नको: ओपन सोर्स सांभाळणाऱ्यांसाठी आणि वापरणाऱ्यांसाठी

समजा, करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं बिल तुमच्या लायब्ररीवर (दुसऱ्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) निघतं. सकाळ-संध्याकाळ संकलन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मशीनवरून येतात, दरपत्रकातून दर उचलला जातो, दहा दिवसांनी बिल. लायब्ररी तुम्ही कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून लिहिलीत, एमआयटी लायसन्स (कोणालाही मोफत वापरायची मुभा) लावून गिटहबवर (कोड ठेवायची सार्वजनिक साइट) टाकलीत आणि विसरलात. ती एका सॉफ्टवेअरवाल्यानं उचलली आणि त्याच्याकडून बऱ्याच संस्थांत गेली. तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही. एका रविवारी तुम्ही छोटी दुरुस्ती करून नवी आवृत्ती सोडता आणि मंगळवारी संस्थेचे सचिव सभासदांना समजावत बसलेले असतात की स्लिपवरचा आकडा बिलावर बदलला कसा.

कायद्यानं तुम्ही मोकळे आहात. एमआयटी असो की जीपीएल, ‘जसं आहे तसं, कसलीही हमी नाही’ हे लायसन्समध्येच लिहिलेलं असतं. पण त्या ओळीनं सचिवांचं समाधान होत नाही. पुढं काय बदलणार हे त्यांना आधी कळलं तर ते तुमच्याबरोबर राहतात. नाही कळलं, तर पहिल्या दणक्यानंतर जुनी आवृत्ती धरून बसतात आणि पुन्हा अपडेट मारतच नाहीत, सुरक्षेचंसुद्धा.

खाली दिलंय ते एकट्यानं किंवा दोघा-तिघांनी चालवलेल्या प्रकल्पासाठी आहे. मोठ्या कंपनीच्या प्रकल्पांना माणसं असतात, त्यांचं त्या बघून घेतील. उदाहरण या दूध-बिलाच्या लायब्ररीचंच ठेवू, तिला ‘दूधदर’ म्हणू आणि ती पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आहे असं धरू.

रीडमीत आधी स्वतःची कुवत लिहा

बहुतेक रीडमी (प्रकल्पासोबतची माहितीची फाइल) ‘इन्स्टॉल कसं करायचं’ इथून सुरू होतात. त्याच्याही वर पाच ओळींचा एक तुकडा टाका. नमुना असा (‘इश्यू’ म्हणजे गिटहबवर नोंदवलेली तक्रार किंवा विनंती):

> हा प्रकल्प एक जण नोकरी सांभाळून चालवतो. इश्यू दर शनिवारी बघितले जातात. पहिलं उत्तर १४ दिवसांत मिळेल. दुरुस्तीची तारीख सांगता येणार नाही.
> दुरुस्त्या फक्त चालू मुख्य आवृत्तीला मिळतात. आधीच्या मुख्य आवृत्तीला १२ महिने फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या.
> पायथनच्या ज्या आवृत्त्या अजून अधिकृत आधारात आहेत, त्यांवरच तपासणी होते.
> बिलाची रक्कम थेट बँकेत पाठवण्याआधी तुमच्या जुन्या बिलांवर ताळा घ्या.
> फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर मदत मिळत नाही.

१४ हा आकडा कुठून आणायचा? गेल्या सहा महिन्यांतलं सगळ्यात उशिरा दिलेलं उत्तर शोधा आणि तोच आकडा लिहा. सरासरी लिहू नका. सरासरी लिहिली की बऱ्याच लोकांच्या बाबतीत तुम्ही शब्द मोडलेला असतो. ‘२४ तासांत उत्तर’ असं लिहिणारे प्रकल्प परीक्षेच्या किंवा लग्नसराईच्या महिन्यात गप्प होतात आणि तिथून लोकांचा विश्वास उडायला लागतो. महिनाभर हात लागणार नसेल तर रीडमीच्या डोक्यावर एक ओळ टाका: ‘१५ मेपर्यंत उत्तरं मिळणार नाहीत’. तारीख उलटली की ती ओळ काढायला मात्र विसरू नका.

पायथनची ओळ मुद्दाम आहे. पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते आणि तिला सुमारे ५ वर्षं आधार असतो, म्हणजे दर ऑक्टोबरच्या सुमारास एक जुनी गळते. संस्थांतले संगणक जुने असतात, त्यामुळं हा प्रश्न येणारच. उत्तर आधीच लिहिलेलं असलं की वाद होत नाही.

एका पैशाचा बदल कसा सोडायचा

आता मूळ दुखणं. दूधदरच्या १.४.२ मध्ये रक्कम काढायला पायथनचं साधं राउंड वापरलंय. ६.५ लिटर दूध, दर ५१.२५ रुपये. गुणाकार येतो ३३३.१२५. वहीवर हिशोब करणारा माणूस याचे ३३३.१३ करतो. पायथन देतं ३३३.१२, कारण नेमका मध्यावर आलेला आकडा ते सम अंकाकडं झुकवतं. दुसरी भानगड याहून आतली आहे: २.६७५ ला दोन दशांशांवर आणलं तर २.६८ यायला हवेत, येतात २.६७. २.६७५ हा आकडा बायनरीत नेमका मावत नाही, आत साठतो तो किंचित लहान असतो. दोन्हींवर औषध एकच. रक्कम फ्लोटमध्ये (बायनरीत साठणारा अपूर्णांक) ठेवायची नाही, डेसिमलमध्ये (दशांश जसाच्या तसा ठेवणारा प्रकार) ठेवायची. डेसिमल बनवताना आकडा मजकूर म्हणून द्यायचा, फ्लोट दिला तर तीच चूक आत जाते. आणि ‘राउंड हाफ अप’ (मध्यावरचा आकडा वर न्यायचा) ही पद्धत नाव घेऊन सांगायची.

दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. बगच आहे म्हणून १.४.३ काढून मोकळं व्हावंसं वाटतं, आणि तिथंच घात होतो.

आवृत्तीच्या तीन आकड्यांचा संकेत सगळ्यांना पाठ आहे: पहिला वाढला की जुना कोड मोडू शकतो, दुसरा वाढला की नवी सोय, तिसरा वाढला की फक्त दुरुस्ती. पुष्कळ जण ‘१.४ मधलं सगळ्यात नवं’ अशी अट टाकून ठेवतात. म्हणजे १.४.३ कोणालाही न विचारता आत येतं, तेही दहा दिवसांच्या बिलाच्या मधोमध. पहिल्या पाच दिवसांच्या स्लिपा ३३३.१२ नं छापून सभासदांच्या हातात गेलेल्या असतात, आणि बिल काढताना सगळं पुन्हा मोजलं जाऊन ३३३.१३ येतं. एका पैशासाठी कोणी भांडत नाही. पण रजिस्टरचा ताळा बसत नाही आणि ऑडिटरला उत्तर सचिवांना द्यावं लागतं.

म्हणून नियम असा ठेवा: बाहेर पडणारा आकडा, ओळींचा क्रम किंवा छापला जाणारा मजकूर बदलत असेल तर तो बदल तिसऱ्या आकड्यात जाणार नाही, जुनं वागणं चुकीचं असलं तरीही. दूधदरचा बदल मग असा सोडायचा.

१.५.० मध्ये ‘राउंडिंग’ नावाचा नवा पर्याय द्या. काही सांगितलं नाही तर जुनीच पद्धत चालू राहील, फक्त इशारा दिसेल. इशाऱ्यात चार गोष्टी हव्यात: काय बदलणार, कुठल्या आवृत्तीत बदलणार, जुनं ठेवायचं तर कुठली ओळ लिहायची, नवं हवं तर कुठली. ‘हे जुनं झालंय’ एवढाच इशारा कोणाच्या उपयोगाचा नाही.

इशाऱ्याचा प्रकारही नीट निवडा. पायथनमध्ये ‘डेप्रिकेशन वॉर्निंग’ लायब्ररीच्या आतून आली तर नेहमीच्या सेटिंगमध्ये दिसतच नाही. ती प्रोग्रामरसाठी असते. वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यायला हवी असेल तर ‘फ्यूचर वॉर्निंग’ वापरा. सोबत ‘स्टॅकलेव्हल’ २ द्या, म्हणजे इशारा तुमच्या फाइलवर बोट न दाखवता ज्यानं फंक्शन बोलावलं त्याच्या ओळीवर दाखवतो. हे विसरलं की वापरणारा तुमच्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो. शिवाय संकलन केंद्रावरच्या संगणकाची काळी खिडकी कोण बघतो? म्हणून लॉगिंगचं ‘कॅप्चर वॉर्निंग्ज’ चालू करून इशारे लॉग फाइलमध्ये कसे वळवायचे, तेही दोन ओळींत लिहून द्या.

१.६.० मध्ये तोच इशारा ठेवा आणि एक छोटी कमांड जोडा: जुन्या बिलाची सीएसव्ही द्यायची, दोन्ही पद्धतींनी मोजून जिथं फरक पडतो तेवढ्याच ओळी छापायच्या. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण लोक मनापासून धन्यवाद देतात ते अशाच गोष्टीला. फरक नेमका किती पडणार हे सचिवांना स्वतःच्या आकड्यांवर बघता येतं, तुमच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

२.०.० मध्ये नवी पद्धत आपोआप लागू करा. जुनी पर्याय म्हणून राहू द्या. चार ओळींचा कोड आहे, तो काढून टाकण्यात कसलाही मोठेपणा नाही.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आहे आणि ४३ फुटांना धोका पातळी. मधले ४ फूट माणसं-जनावरं हलवायला मिळतात. १.५.० आणि २.०.० मधलं अंतर त्याच कामाचं आहे. ते किमान सहा महिने ठेवा. दूध संस्थांसाठी २.०.० मार्चअखेरीला सोडू नका आणि दिवाळीच्या तोंडावर दूध फरकाची बिलं निघतात तेव्हाही नको. तुमच्या वापरकर्त्यांची बिलं १, ११ आणि २१ तारखेला नव्यानं सुरू होत असतील, तर तारीख त्याला धरून ठरवा. शुक्रवारी संध्याकाळी काहीच सोडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

अपवाद फक्त सुरक्षेचा. भोक बुजवताना जुनं मोडत असेल तर लगेच मोडा, पण पहिल्याच ओळीत तसं सांगा.

चेंजलॉग

‘विविध सुधारणा व बग दुरुस्त’ ही ओळ लिहायची असेल तर चेंजलॉग (कुठल्या आवृत्तीत काय बदललं याची नोंद) ठेवू नका. गिटचे (कोडच्या बदलांचा हिशोब ठेवणारं साधन) कमिट संदेश, म्हणजे प्रत्येक बदलासोबतच्या टिपा, उचलून चिकटवणंही तितकंच निरुपयोगी. ते तुमच्यासाठी असतात. प्रत्येक आवृत्तीखाली सगळ्यात आधी ‘तुम्हाला काय करावं लागेल’ हे लिहा, मग काय बदललं, मग बाकीचं. काहीच करावं लागत नसेल तर तेही लिहा. नमुना:

> २.०.०: रक्कम आता राउंड हाफ अप पद्धतीनं काढली जाते. ६.५ लिटर × ५१.२५ = ३३३.१३ (आधी ३३३.१२). जुनी पद्धत हवी असल्यास ‘राउंडिंग’ला ‘जुनी’ असं द्या. अपडेट चालू बिलाच्या मध्ये मारू नका.

मोठ्या आवृत्तीआधी आठवडाभर ‘आरसी १’ (रिलीज कँडिडेट, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती) सोडा. पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) अशी प्री-रिलीज आपणहून उचलत नाही, मागितली तरच देतं, म्हणून कोणाचं चालतं काम अडत नाही.

खराब आवृत्ती सुटलीच तर ती डिलीट करू नका, पायपीआयवर (पायथनच्या पॅकेजांचं सार्वजनिक भांडार) ‘यँक’ करा. यँक केलेली आवृत्ती नव्यानं येणाऱ्याला मिळत नाही, पण ज्यानं नेमका तोच आकडा अडकवून ठेवलाय त्याचं इन्स्टॉल चालू राहतं. डिलीट केल्यावर तेच फाइलनाव पुन्हा वापरता येत नाही आणि इतरांचे बिल्ड (कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बांधायचं काम) पडतात ते वेगळंच. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारावरचं ११ ओळींचं ‘लेफ्ट-पॅड’ त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि जगभरच्या मोठमोठ्या प्रकल्पांचे बिल्ड अडले. त्याची तक्रार एनपीएमशी होती, भोगलं भलत्यांनीच. एनपीएमनं नंतर पॅकेज काढण्याचे नियमच कडक केले.

रिलीज तुमच्या लॅपटॉपवरून निघू नये

लॅपटॉपवरून थेट अपलोड केलेल्या पॅकेजमध्ये नेमकं काय आहे हे बाहेरच्याला तपासता येत नाही. एक्सझेड युटिल्स या लिनक्सवरच्या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत नेमकं हेच वापरलं गेलं: मागचं दार उघडणारी बिल्डची एक फाइल गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारमध्ये (वाटायच्या फाइल्सचा गठ्ठा) होती, आणि खरा माल चाचणीच्या बायनरी फाइल्सच्या आत दडवलेला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या संगणकावर शिरायचं साधन) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्यानं मुळापर्यंत खणलं आणि २९ मार्च २०२४ ला हे उघड केलं. लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत पसरायच्या आत सापडलं म्हणून निभावलं.

तुमच्यासाठी करायची कामं थोडी आहेत. गिटमध्ये टॅग (आवृत्तीची खूण) मारला की गिटहब ॲक्शन्सनं (गिटहबवर आपोआप कामं चालवायची सोय) पॅकेज बांधावं आणि पायपीआयच्या ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’नं चढवावं. ही सोय एप्रिल २०२३ पासून आहे. तिच्यामुळं कायमचं टोकन (अपलोडची किल्ली) कुठंच साठवावं लागत नाही, म्हणजे चोरीला जायलाही काही उरत नाही. टॅगवर सही करा. पायपीआयवर दुहेरी ओळख २०२४ पासून सक्तीचीच आहे. तिचे रिकव्हरी कोड कागदावर छापून दोन वेगळ्या घरांत ठेवा. रेपोमध्ये (प्रकल्पाच्या कोडचा साठा) बायनरी फाइल असेल तर ती कशी तयार केली याची स्क्रिप्ट शेजारी हवीच.

दुसरा माणूस घेताना

एकट्यानं चालवलेला प्रकल्प ही वापरणाऱ्याची सगळ्यात रास्त काळजी. पण घाईनं दुसरा घेणं त्याहून वाईट. २०१८ मध्ये एनपीएमवरच्या ‘इव्हेंट-स्ट्रीम’च्या मूळ लेखकानं, सांभाळायला तयार झालेल्या एका अनोळखी माणसाला प्रकाशनाचे हक्क दिले. त्यानं ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ नावाचं एक पॅकेज आत जोडलं आणि त्यातून कोपे या बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारायची सोय केली. एक्सझेडमध्ये तर ‘जिया टॅन’ या नावानं दोन वर्षांहून जास्त काळ खरीखुरी, उपयोगाची कामं झाली. त्याच काळात दुसऱ्या काही खात्यांवरून मूळ सांभाळणाऱ्यावर ‘काम फार हळू चाललंय, दुसऱ्याला द्या’ असा दबाव आला, आणि तो बिचारा आधीच थकलेला होता. म्हणजे ‘बरेच दिवस चांगलं काम करतोय’ ही एवढीच कसोटी पुरत नाही.

हक्क टप्प्यांनी द्या. आधी फक्त इश्यूंना लेबल लावायचा आणि बंद करायचा. दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्यांचे बदल तपासायचा. मग मर्ज करायचा (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायचा), तोही मुख्य शाखेवर दुसऱ्याची मंजुरी सक्तीची ठेवून. प्रकाशनाचा हक्क सगळ्यात शेवटी, आणि तो आला तरी गिटहबच्या ‘एन्व्हायर्नमेंट’ सेटिंगमध्ये रिलीजला दुसऱ्या माणसाची संमती लागेल असं ठेवा. नव्या माणसानं बिल्डच्या फाइल्स, चाचणीच्या बायनरी यांना हात लावला किंवा प्रकल्प ज्यावर अवलंबून राहील असं नवं पॅकेज जोडलं तर ते बदल ओळ न् ओळ वाचा, बाकी घाईत असलात तरी.

जमलं तर त्या माणसाला प्रत्यक्ष भेटा. इथं ते सोपं आहे. गावातलाच, नाहीतर सांगली-इचलकरंजीचा कोणी असतो, एखाद्या रविवारी मिसळीवर बसून होतं. भेट झाली म्हणून वरचे टप्पे मात्र वगळू नका.

सूत्रं हलली की जाहीर करा: कोण आलं, कोणाकडं काय हक्क आहेत, कुठल्या तारखेपासून. वापरणाऱ्याला हे रिलीजच्या नावावरून कळू नये.

तक्रारी, विनंत्या आणि व्हॉट्सॲप

आपल्याकडं इश्यू कोणी उघडत नाही, नंबर शोधून फोन करतात. स्क्रीनचा मोबाइलनं काढलेला तिरका फोटो येतो, त्यात सभासदांची नावं आणि बँक खाती स्वच्छ दिसतात. मदत करायची असली तरी तिथं करू नका. उत्तर तयार ठेवा: ‘सर, हा प्रश्न आणखी लोकांना येऊ शकतो, म्हणून इश्यू म्हणून टाका, लिंक पाठवतोय. फोटोत सभासदांची खाती दिसतायत, तो कृपया डिलीट करा.’ इश्यू मराठीत लिहिला तरी चालेल हे रीडमीत ठळक लिहा. बरेच जण फक्त इंग्रजीच्या संकोचानं फोन करतात.

इश्यूच्या नमुन्यात सहाच रकाने ठेवा: दूधदरची आवृत्ती, पायथनची आवृत्ती, विंडोज की लिनक्स, नावं-खाती-मोबाइल काढून टाकलेल्या सीएसव्हीच्या तीन-चार ओळी, काय यायला हवं होतं, काय आलं. वीस रकाने ठेवले की लोक सगळीकडं टिंब टाकतात.

एखादी मागणी करायची नसेल तर त्याच आठवड्यात नाही म्हणा आणि कारण एका ओळीत द्या. ‘करूया की पुढच्या वेळी’ असं लिहून ठेवलंत की समोरचा त्यावर स्वतःचं नियोजन करतो. नमुना: ‘म्हैस आणि गाय यांचं एकत्र दरपत्रक दूधदरमध्ये घेणार नाही, प्रत्येक संघाची पद्धत वेगळी आहे आणि तपासायला माझ्याकडं डेटा नाही. वेगळं पॅकेज म्हणून केलंत तर रीडमीत लिंक देईन.’ इश्यू बंद करा, पण कुलूप लावू नका. कोणी शिव्यांवर उतरलं तर एकदा सांगा, दुसऱ्यांदा ब्लॉक. तिथं लांबलचक वाद घालू नका. तो वाद वाचणारे बाकीचे वापरकर्ते दचकतात.

सुरक्षेची तक्रार आली तर

गिटहबवर ‘प्रायव्हेट व्हल्नरेबिलिटी रिपोर्टिंग’ चालू करा आणि सिक्युरिटीची फाइल टाका: कुठं कळवायचं, ७ दिवसांत पोच, जास्तीत जास्त ९० दिवसांत जाहीर. ही ९० दिवसांची मुदत या क्षेत्रात रुळलेली आहे. दुरुस्ती आणि जाहीर सूचना एकाच दिवशी सोडा. सीव्हीई क्रमांक (सुरक्षेच्या त्रुटीचा जगभर चालणारा नोंदणी क्रमांक) गिटहबवरूनच मागता येतो. भारतातली सर्ट-इन ही सरकारी सायबर सुरक्षा संस्थासुद्धा हे क्रमांक देते.

पहिली दुरुस्ती अपुरी निघाली तर लपवू नका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीची सीव्हीई-२०२१-४४२२८ ही त्रुटी उघड झाली, गांभीर्य १० पैकी १०. २.१५.० अपुरी निघाली, मग २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ आल्या. ती सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी प्रत्येक वेळी काय राहिलं होतं ते लिहिलं, म्हणून लोकांना पुढचं पाऊल टाकता आलं.

पैसे आणि लायसन्स

पैसे घ्यायचे असतील तर पहिल्या वर्षापासून सांगा. फुकट वाटून, लोक अडकल्यावर लायसन्स बदललं की विश्वास परत येत नाही, आणि फोर्क होतो, म्हणजे जुना कोड घेऊन दुसरे लोक वेगळा प्रकल्प काढतात. टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या साधनानं ऑगस्ट २०२३ मध्ये एमपीएल सोडून बिझनेस सोर्स लायसन्स घेतलं, त्यातून ओपनटोफू उभा राहिला. रेडिस या डेटाबेसनं मार्च २०२४ मध्ये बीएसडी सोडलं, त्याच महिन्यात व्हॅल्की निघालं. २०२५ मध्ये रेडिसनं एजीपीएलचा पर्याय आणला तोवर बरेच जण निघून गेले होते.

सहकारी संस्थेसाठी देणगीचं बटण फारसं उपयोगाचं नाही. तिथं ठराव लागतो, पावती लागते आणि ऑडिटला खर्चाचं नाव लागतं. ‘वार्षिक देखभाल’ असं दरपत्रक करा: वर्षाला इतके रुपये, त्यात इतके तास, उत्तर इतक्या दिवसांत. रीडमीत लिंक द्या आणि पैसे देणाऱ्याला काय वेगळं मिळतं ते उघड लिहा. कोड सगळ्यांना सारखाच, वेळ मात्र विकत. मोठ्या प्रकल्पांसाठी झिरोधा या शेअर दलाली कंपनीचा फ्लॉस/फंड आहे: २०२४ पासून वर्षाला १० लाख डॉलर, एका प्रकल्पाला १०,००० ते १,००,००० डॉलर, अर्जासाठी रेपोत ‘फंडिंग डॉट जेसन’ फाइल ठेवावी लागते.

वापरणाऱ्यांनी काय करायचं

घेण्याआधी चार गोष्टी बघा: शेवटचं रिलीज कधीचं, शेवटच्या दहा इश्यूंना उत्तर मिळालंय का, प्रकाशनाचे हक्क किती जणांकडं आहेत, लायसन्स कुठलं. गिटहबवरच्या ताऱ्यांनी यातलं काहीच कळत नाही.

आवृत्ती नेमकी अडकवा, ‘त्याहून वरचं कुठलंही’ असं सोडू नका, आणि पिपला हॅशसह (फाइलचा ठसा) यादी द्या म्हणजे फाइल बदलली तर इन्स्टॉलच होणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये एनपीएमवरच्या ‘कलर्स’च्या लेखकानं स्वतःच्याच पॅकेजमध्ये न संपणारं लूप टाकलं, आवृत्ती अडकवलेल्यांना काहीच झालं नाही. नवी आवृत्ती आली की सुरक्षेची नसल्यास आठवडाभर थांबा. मग वेगळ्या फोल्डरमध्ये गेल्या महिन्याची तिन्ही बिलं नव्या आवृत्तीवर काढा आणि छापलेल्या बिलांशी ताळा घ्या. चेंजलॉगमध्ये सांगितलेला फरक सोडून एक पैसाही हलला तर थांबा आणि इश्यू टाका. पण अडकवलेली आवृत्ती तीन वर्षं तशीच ठेवणं म्हणजे सुरक्षा नव्हे; तीन महिन्यांतून एकदा हा ताळा घ्यायचाच.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ईआरपीनेक्स्ट (धंद्याचा हिशोब-साठा सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) चालवत असाल तर मूळ कोडमध्ये हात घालू नका. फेरफार स्वतःच्या वेगळ्या ॲपमध्ये ठेवा. मुळात घातलेले बदल पुढच्या अपडेटला अडकतात आणि दोष उगाच प्रकल्पावर येतो.

इश्यूमध्ये ‘अर्जंट’ लिहू नका. खरंच अर्जंट असेल तर पैसे देऊन वेळ घ्या, नाहीतर दुरुस्ती करून पाठवा.

प्रकल्प थांबवायचा असेल तर

गप्प बसू नका. एक शेवटचं रिलीज काढा, कोडमध्ये काहीही न बदलता, फक्त रीडमीच्या पहिल्या ओळीत ‘यापुढं सांभाळला जाणार नाही’ असं तारखेसह लिहून. पर्याय माहीत असेल तर नाव द्या. उघडे इश्यू एका ओळीच्या उत्तरानं बंद करा, सुरक्षेच्या तक्रारीसाठी पत्ता आणखी १२ महिने चालू ठेवा आणि रेपो आर्काइव्ह करा. पायपीआयवरचं पॅकेज मात्र डिलीट करू नका: मोकळं झालेलं नाव दुसऱ्या कोणालाही घेता येतं, आणि ज्या संस्थेच्या स्क्रिप्टमध्ये आवृत्ती न लिहिता नुसतं ‘दूधदर’ लिहिलंय, तिच्या संगणकावर पुढच्या इन्स्टॉलला त्याच नावानं भलत्याचाच कोड उतरतो.